गहाण न पडणारी घरे

रिझर्व्ह बँकेने रेपो दर उतरवला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘घराचे हप्ते हलके होणार’ हा मथळा ठरलेला असतो. २०२५ साली तो वारंवार वाचायला मिळाला. त्या वर्षी फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात हा दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आला. ज्यांच्या पगारातून दरमहा हप्ता वळता होतो अशा शिक्षक-कारकून मंडळींनी तो मथळा लक्षपूर्वक वाचावा हे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत लेखकही त्याच वर्गातला. परंतु हार्बर मार्गावर रे रोड स्थानकात उतरून दारूखान्याच्या दिशेने चालत गेले तर असे आढळेल की, येथल्या हजारो बिऱ्हाडांना व्याजदर चढला काय नि उतरला काय, सारखेच. त्यांच्या डोक्यावर कर्ज नाही असे मुळीच नव्हे. कर्ज आहे आणि भरपूर आहे. पण ते घरावर काढलेले नाही, कारण त्यांचे घर गहाण पडू शकत नाही.

घर गहाण नसणे हे आपल्याकडे भाग्याचे लक्षण मानले जाते. सोयरीक जुळवताना ‘घरावर कर्ज नाही’ हे मुद्दाम सांगितले जाते. पण गहाण न टाकणे वेगळे आणि टाकता न येणे वेगळे. पहिल्यात माणसाची ऐपत दिसते, दुसऱ्यात त्याचे कायद्यातले स्थान. गृहकर्जाविषयीची आपली सारी चर्चा हा भेद ओलांडून पुढे जाते, म्हणून आज त्यावर थोडे विस्ताराने लिहीत आहे.

रे रोड हे नाव १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे. स्थानक १९१० सालचे. रुळांच्या पूर्वेला बंदराची जमीन आहे. दारूखाना, जहाजतोडणीचे धक्के, पोलादाच्या आणि लाकडाच्या वखारी, आणि त्यांच्या सांदीकोपऱ्यांत, कौला बंदरासारख्या धक्क्यांवर, वसलेली कामगारांची वस्ती. पश्चिमेला घोडपदेव, लालबाग, परळ हा गिरणगावचा मुलूख. दोन्हीकडच्या माणसांनी एकाच शहरासाठी घाम गाळला, पण त्यांच्या घरांना लागू असलेला कायदा वेगवेगळा आहे. फळ मात्र दोन्हीकडे एकच.

पूर्वेकडची जमीन १८७३ साली स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टची. २०२१ च्या कायद्यानंतर त्याला मुंबई बंदर प्राधिकरण म्हणतात. सुमारे १,८०० एकरांचा हा धनी केंद्र सरकारच्या अखत्यारीतला, आणि जमीन विकायची नाही, भाडेपट्ट्याने द्यायची, ही त्याची जुनी रीत. कित्येक पट्ट्यांची मुदत केव्हाच संपलेली आहे. भाडे किती आकारावे हा १९८० च्या दशकातील भाडेवाढीपासूनचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जमशेद होरमसजी वाडिया यांच्या प्रकरणात २००४ साली निकालही लागला. तरी पट्टेदारांची धास्ती सरली नाही. वखारीच्या मालकाची ही कथा, मग त्याच्या वखारीच्या भिंतीला टेकून झोपडे उभारणाऱ्याची काय सांगावी? जमीन केंद्राची, तेव्हा राज्याच्या झोपडपट्टी योजना येथे चालणार नाहीत, हेच त्याने वर्षानुवर्षे ऐकले. ‘पुकार’ या संस्थेच्या सहभागाने कौला बंदरात पाहणी झाली तेव्हा तेथील रहिवासी महापालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून खाजगी विक्रेत्यांकडून पाणी घेत असल्याचे आढळले होते. पाण्याचा हा हिशोब पैशालाही लागू पडतो.

पश्चिमेकडे कागद आहे, पण तो भाड्याच्या पावतीचा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत तो निर्णय समजण्यासारखा होता. अर्धशतकभर तो तसाच ठेवणे समजण्यासारखे नव्हते. मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला, भाडेकरूने खोली सोडली नाही, आणि दोघांच्या मधोमध पागडी नावाची संस्था जन्माला आली. बरीच वर्षे ती चोरून चालली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५६ व्या कलमाने तिला उजळ माथ्याने वावरण्याची मोकळीक दिली. लालबागच्या चाळीतली एक खोली आज लाखो रुपयांच्या पागडीवर हातपालट होते आणि मालक त्यात आपला वाटा घेतो. पण तीच खोली बँकेपुढे तारण म्हणून ठेवायला जावे तर बँक मान हलवते. बँकेचे चुकते असेही म्हणता येणार नाही. भाडेकरूचा हक्क मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या नावे होत नाही, तेव्हा हप्ते थकल्यावर बँक विकणार काय? परिणामी पागडीसाठी पैसा उभा करायचा तो गावची जमीन, बायकोचे दागिने आणि भावकीचे उसने यांतून. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला तेव्हा मुंबई बेटावरच्या उपकरप्राप्त इमारती एकोणीस हजारांहून अधिक होत्या. म्हणजे एका शहराएवढा घरांचा साठा गृहकर्जाच्या बाजाराबाहेरच राहिला.

या दोन कायद्यांची गाठ जेथे पडते ते ठिकाण रे रोडपासून दोन स्थानके पुढे आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे आपल्या तोंडी रुळलेल्या बीडीडीने, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार जागी चाळी बांधल्या. खाते एक, आराखडा एक, भाडेकरूही एकाच थरातले. त्यांपैकी पहिल्या तीन ठिकाणांचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला, आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या, मालकी हक्काच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी या पंक्तीत बसल्या नाहीत, कारण त्यांच्या पायाखालची जमीन पोर्ट ट्रस्टची. शंभर वर्षांपूर्वी कोणत्या चाळीत खोली मिळाली, एवढ्याशा योगायोगावर एका कुटुंबाच्या हाती तारण ठेवता येईल अशी मालमत्ता आली आणि दुसऱ्याच्या हाती भाड्याची पावतीच उरली.

कागदाची किंमत

गहाणाच्या बाबतीत मुंबईचा मान जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एकात निराळे गहाणखत करावे लागत नाही. मालकीची कागदपत्रे धनकोच्या हाती दिली की गहाण पुरे होते. व्यापाराच्या सोयीसाठी ही सवलत प्रारंभी कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्याच शहरांना होती. आज बँका घरासाठी कर्ज देतात ते बहुधा याच मार्गाने. ज्या शहराला नुसता कागद ठेवून पैसे उचलण्याची सोय इतक्या आधी मिळाली, त्या शहराच्या श्रमिकाजवळ ठेवायला कागदच नसावा, हा या सोयीचा उलटा हिशोब आहे.

मध्यमवर्गाने मात्र कागद वेळीच गोळा केले. गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. आधी संस्थेची नोंदणी, मग जमीन, मग कर्ज, हा मार्ग तिने घालून दिला आणि दादर-पार्ल्याच्या कितीतरी संस्था त्याच वाटेने गेल्या. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली तेव्हा पगारदार माणसाला पंधरा-वीस वर्षांच्या मुदतीने, मासिक हप्त्याने घरासाठी पैसे मिळणे ही अपूर्वाई होती. त्याआधी भविष्यनिर्वाह निधीतली उचल आणि नोकरांची पतपेढी एवढाच काय तो आधार. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली. ही सारी प्रगती खरी आहे, तिची कुचेष्टा करण्याचे कारण नाही.

आक्षेप वेगळा आहे. शासनाची मदतही याच वाटेने वाहू लागली. गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात दोन लाखांपर्यंत वजावट आली, मुद्दलाच्या परतफेडीवरही आली. ज्याचे उत्पन्न अधिक आणि कर्ज मोठे, त्याला लाभ अधिक. (नव्या करपद्धतीत राहत्या घरावरची ही वजावट उरलेली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.) २०१५ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी व्याजाचे अनुदान होते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला ते २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंत मिळू शकत असे. योजना चांगली, पण हे अनुदान मिळायचे ते कर्ज घेतल्यावर, कर्ज मिळायचे ते कागद दाखवल्यावर. दारूखान्यात लोखंड कापणाऱ्या मजुराने कोणता कागद दाखवायचा? पुढे १८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मध्यमवर्गालाही काही वर्षे या अनुदानाचे दार उघडण्यात आले. म्हणजे अनुदानाची पंगत वाढत गेली, पण वाढप ज्यांच्या हाती कागद होता त्यांच्याच पानापर्यंत पोचले.

आता राष्ट्रीय आकड्यांकडे पाहू. रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालाप्रमाणे २०२४ च्या अखेरीस भारतीय कुटुंबांवरील कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ४२ टक्के होते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हे कमी, म्हणून चिंतेचे कारण नाही, असे सांगण्यात येते. पण एकूण रकमेपेक्षा तिची घडण महत्त्वाची असते. त्याच बँकेच्या आकड्यांनुसार मार्च २०२५ मध्ये घरगुती कर्जात गृहकर्जाचा वाटा सुमारे २९ टक्के होता, तर निम्म्याहून अधिक कर्ज हे घराव्यतिरिक्त इतर वैयक्तिक कारणांसाठी, मुख्यतः उपभोगासाठी, काढलेले होते. दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे, ज्याच्या मागे काही मालमत्ता उभी राहते असे कर्ज थोडे. अल्प मुदतीचे, चढ्या व्याजाचे, ज्याच्या मागे काहीच उरत नाही असे कर्ज फार. शिवाय हे झाले बँका आणि वित्तसंस्थांच्या दप्तरातले. भिशी, मुकादमाची उचल, किराणा दुकानातली उधारी आणि गल्लीतल्या सावकाराचे ‘शेकडा तीन’ या आकड्यांत पुरेसे उतरतच नाही.

शेकडा तीन हा शब्द ऐकायला सौम्य वाटतो. वर्गात विद्यार्थ्यांना विचारले तर अर्धा वर्ग हा वार्षिक दर समजतो. तो महिन्याचा असतो. मुलीच्या लग्नासाठी किंवा पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारण्यासाठी दोन लाख रुपये या दराने घेतले तर दरमहा सहा हजार रुपये नुसते व्याजाचे. वर्षाचे बहात्तर हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. तेच दोन लाख साडेआठ टक्के दराच्या गृहकर्जात मिळाले असते तर पहिल्या महिन्याचे व्याज चौदाशे रुपयांच्या आसपास झाले असते. गरीब माणूस कर्ज बुडवतो म्हणून त्याला व्याज चढे लावावे लागते, असे समर्थन केले जाते. पण महिन्याला सहा हजार व्याज भरणारा माणूस बुडवा नाही, हे या आकड्यांतच दिसते. चौदाशेचा हप्ता त्याने किती सहज भरला असता!

गहाणाचा दुसरा चेहरा

तेव्हा सर्वांना मालकीचा कागद द्या, घरे तारण ठेवू द्या, म्हणजे भांडवल आपोआप निर्माण होईल, असा उपाय सुचवला जातो. पेरू देशाचे अर्थतज्ज्ञ हेर्नान्दो द सोतो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच विचार आग्रहाने मांडला, आणि जगभर त्याची चर्चा झाली. विचार आकर्षक आहे. परंतु महाराष्ट्राच्या माणसाने तो ऐकताना एक पाऊल मागे घ्यायला हवे, कारण हा प्रयोग आपल्या भूमीवर दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

रयतवारी पद्धतीने दख्खनच्या कुणब्याला जमिनीवर विकता व गहाण टाकता येईल असा हक्क मिळाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव चढला तेव्हा सावकाराने त्या हक्कावर हात सैल सोडून कर्ज दिले. भाव कोसळले, सारावाढ आली, आणि दिवाणी न्यायालयांतून हुकूमनामे सुटू लागले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात उठाव झाला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत लोकांचा रोख होता तो कर्जरोखे आणि गहाणखते हस्तगत करून जाळण्यावर. सरकारला १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. कागदाने पत दिली आणि त्याच कागदाने जमीन नेली, हा धडा आपल्या आजोबा-पणजोबांनी गिरवलेला आहे.

शहरातल्या पगारदाराला याची पुसटशी चुणूक २०२२-२३ मध्ये मिळाली. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. समजा, एखाद्या शिक्षकाने पावणेसात टक्के दराने पन्नास लाख रुपये वीस वर्षांसाठी घेतले होते. त्याचा हप्ता सुमारे ३८ हजार रुपये. दर अडीच टक्क्यांनी वाढून सव्वानऊ झाला, तर पन्नास लाखांवर एका महिन्याचे व्याजच साडेअडतीस हजार रुपये होते. हप्ता तेवढाच ठेवला तर नव्या कर्जदाराचे मुद्दल फिटणे सोडाच, उलट वाढू लागणार. म्हणून मुदती वाढवल्या गेल्या. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहतील अशी पत्रे अनेकांच्या हाती पडली. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचे, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. तोवर बऱ्याच घरांत निर्णय परस्पर होऊन गेले होते. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयाची पायरी न चढता, घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करता येते. महिन्याची पहिली तारीख निश्चित असलेल्या माणसाची ही अवस्था. ज्याला जहाज धक्क्याला लागले तर काम आणि न लागले तर घरी बसावे लागते, त्याच्या हाती हेच गहाणखत दिले तर काय होईल?

येथे दिवाणी प्रक्रिया संहितेतील एक तरतूद फार बोलकी आहे. तिच्या ६० व्या कलमाने शेतकऱ्याचे राहते घर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी होणाऱ्या जप्तीतून वगळले आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हे संरक्षण मजूर आणि घरगुती नोकर यांच्या राहत्या घरालाही मिळाले. पण घर गहाण टाकले की गहाणाच्या वसुलीपुढे हे संरक्षण उभे राहत नाही. म्हणजे कायदा मजुराला म्हणतो, तुझे घर सुरक्षित आहे, फक्त त्यावर पैसे मागू नकोस. मागितलेस तर पैसे मिळतील, पण सुरक्षितता जाईल. या दोहोंच्या मध्ये काही उभे करता येते का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो सोडवण्याचा अनुभव आपल्याकडे आहे.

पिकावर कर्ज, जमिनीवर नव्हे

१९५१ साली अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी झाली. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत धनंजयराव गाडगीळ होते. सहकारी संस्थांचा ग्रामीण कर्जातला वाटा जेमतेम तीन टक्के आहे, हे तिने १९५४ साली देशाला दाखवून दिले. त्याहूनही मोलाची होती ती पीककर्जाची शिफारस. शेतकऱ्याला कर्ज द्यायचे ते जमिनीच्या मालकीकडे पाहून नव्हे, तर उभ्या राहणाऱ्या पिकाकडे पाहून, आणि वसूल करायचे तेही पिकाच्या विक्रीतून. तारणापेक्षा उत्पन्नावर भिस्त ठेवणारे हे तत्त्व सहकारी चळवळीच्या पुढल्या वाटचालीचा एक पाया ठरले. त्याची अंमलबजावणी नंतर कशी बिघडली तो विषय निराळा. तत्त्व खोटे ठरले नाही.

शहरात याचा पडताळा गिरणगावानेच दिला आहे. गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका धान्य-किराण्यासाठी सावकाराच्या दारी जात. त्यांच्याजवळ ना घर, ना जमीन. बँकेत नोकरी करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांचे गट बांधले आणि एकमेकींच्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. बँकेपुढे ठेवलेले तारण एवढेच की ही बाई रोज इतके डबे करते आणि तिच्या शेजारणी तिला ओळखतात. या बायकांनी कर्जे फेडली. पुढे ऐंशीच्या दशकात भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या स्त्रियांनी महिला मिलन उभे केले आणि रोजच्या दोन-चार रुपयांच्या बचतीतून आपसांत कर्जे देण्याची रीत पाडली. तो पदपथ रे रोडपासून हाकेच्या अंतरावर आहे. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बांगलादेशचे उदाहरण असते, लालबागचे नसते. विद्यार्थ्यांनी याचा जाब आम्हा अध्यापकांना विचारायला हरकत नाही.

याउलट, घर देऊन पत न दिल्याने काय होते तेही याच परिसराने पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उठले आणि दीर्घ लढ्यानंतर कामगारांच्या वाट्याची घरे सोडतीने मिळू लागली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, मार्च २०२० मध्ये ३,८९४ घरांची. या दुसऱ्या सोडतीत घराची किंमत साडेनऊ लाख होती. बाजारभावाच्या मानाने ती नाममात्रच. पण संपाच्या वेळी पंचविशीत असलेला कामगार २०२० मध्ये त्रेसष्ट वर्षांचा होता. पगाराची चिठ्ठी नाही, मिळाले तर तुटपुंजे निवृत्तिवेतन. सत्तरीपर्यंत फेडायचे म्हटले तर नऊ टक्के दराने साडेनऊ लाखांचा हप्ता पंधरा हजारांच्या वर जातो. मुलगा चांगल्या नोकरीत असेल तर घर राहते. नसेल तर दलाल पैसे घेऊन दारात उभा असतो आणि मुदत सरली की घर कोणाचे होणार हे आधीच ठरलेले असते. कामगारांनी घर विकले म्हणून त्यांना नावे ठेवणारी मंडळी आमच्या वर्गात पुष्कळ आहेत. स्वतःचे घर त्यांनी कोणाच्या कर्जावर घेतले, हे त्यांनी एकदा आठवून पाहावे.

रे रोडच्या पूर्वेकडे हा सारा प्रश्न आता नव्याने उभा राहत आहे. २०१८ साली राज्य शासनाने पोर्ट ट्रस्टला त्याच्या जमिनीपुरते विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. समुद्रकिनाऱ्याचे सुशोभन, उद्याने, पर्यटन यांची बोलणी तेव्हापासून चालू आहेत. तेथल्या रहिवाशांना फार तर पुनर्वसनाची खोली मिळेल, किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय लोकांपुढे मांडले जातात. माझ्या मते तिसरा मार्ग शक्य आहे. जमीन प्राधिकरणाचीच राहू द्यावी. रहिवाशांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीचे नोंदणीकृत पट्टे द्यावेत, घर पतिपत्नी दोघांच्या नावे असावे, आणि त्या घरावर बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे कर्ज काढता यावे, सावकाराचे नव्हे. हप्ते थकले तर घर बाजारात लिलावाला न जाता संस्थेकडे यावे आणि संस्थेने ते प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या श्रमिकाला द्यावे. कर्जाची मर्यादा घराच्या किमतीवर न ठरवता कुटुंबाच्या कमाईवर ठरवावी. पीककर्जाचे सूत्र तेच होते. बँकेला उरणाऱ्या जोखमीची हमी शासनाने घ्यावी. गृहकर्जाच्या व्याजावर ज्याने वर्षानुवर्षे करात सूट दिली, त्याला एवढा भार जड वाटू नये.

यावर बँकेचे अधिकारी म्हणतील की, खुल्या बाजारात न विकता येणाऱ्या घराला तारण म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे नियमाला धरून आहे. म्हणूनच हमीची तरतूद आधी आणि पट्ट्यांचे वाटप नंतर, हा क्रम सोडता कामा नये. गिरणी कामगारांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला: घर आधी मिळाले, पैशाची सोय ज्याची त्याने करायची. दुसरा आक्षेप प्राधिकरणाकडून येईल की, अशाने जमिनीचे पुरते मोल येणार नाही. येणार नाही, हे खरे. परंतु बंदराच्या कामासाठी सार्वजनिक मंडळाकडे आलेल्या जमिनीचे मोल कोणत्या मापाने मोजायचे, हा निर्णय एकट्या प्राधिकरणाने करण्याजोगा नाही. रहिवाशांना राहू देण्यासाठी काही एकरांवरचा नफा सोडावा लागला, तर उरलेल्या जमिनीवरही पुष्कळच नफा शिल्लक राहतो.

प्रारंभ कौला बंदरापासून करावा की शिवडीच्या चाळींपासून, यावर मतभेद होऊ शकतील. कौला बंदरची निकड अधिक आहे यात शंका नाही, पण तेथे कोण केव्हापासून राहतो याची मोजणी सर्वांना मान्य होईपर्यंत वर्षे जातील, आणि तोवर दलालांची नावे यादीत शिरतील. शिवडीच्या चाळींत खोली कोणाच्या नावावर आहे, याची नोंद शासनाच्याच दप्तरात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेली आहे. केंद्र, राज्य आणि प्राधिकरण यांच्यात जमिनीपुरता करार झाला तर पहिले पट्टे तेथे लगेच देता येतील आणि बँकांना या पद्धतीचा अनुभव थोड्या घरांवर घेता येईल. कौला बंदरची मोजणी मात्र त्याच दिवशी सुरू केली पाहिजे, आणि ती करणाऱ्यांत वस्तीतल्या बायका असल्या पाहिजेत. कोणाची चूल केव्हा मांडली गेली हे त्यांना पक्के ठाऊक असते.